चाक जमिनीवर राहावं म्हणून

पुढून आवाज येतो म्हणून गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी पुढच्या टायरवरून तळहात फिरवतो. टायर सारखा झिजलेला असला तर हात सरळ घसरत जातो. शॉकअप संपलेला असला तर हाताला उंच-सखल लागतं, ठरावीक अंतराने खवले पडलेले असतात. बॅलन्सिंग बिघडलं तरी असे खवले पडतात, म्हणून तेही तपासावं लागतं; पण आमच्या भागात बहुतेक वेळा कारण शॉकअपच निघतं. ते चाक बारीक बारीक उड्या मारत गेलेलं असतं, आणि जिथे आपटलं तिथलं रबर जास्त घासलेलं असतं. मालक म्हणतात, "उस्ताद, टायरच हलके निघाले." मी त्यांचा हात धरून टायरवर ठेवतो आणि मग बोलायला सुरुवात करतो.

परभणी जिल्ह्यात गाडी चालवायची म्हणजे काळ्या मातीवर चालवायची. पाथरी-मानवतवरून परभणीत येऊन पुढे वसमत-नांदेडला जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग घ्या, नाही तर गंगाखेड, जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ यांपैकी कुठलाही रस्ता घ्या. खडी-डांबराच्या खाली तीच माती आहे. कापूस आणि सोयाबीन तिच्यावर पोसले जातात, रस्ता मात्र तिच्यावर टिकत नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. पावसाळ्यात रस्ता खालून उचलला जातो, मे महिन्यात त्याच्या कडा खचतात. त्यामुळे खड्डा नाही तिथेही लांब लाटा तयार होतात. खड्डा ड्रायव्हरला दिसतो आणि तो ब्रेक मारतो. लाट दिसत नाही. साठ-सत्तरच्या वेगात गाडी तिच्यावर चढते, नाक वर जातं, खाली बसतं. शॉकअप धड असले तर एवढ्यावर गाडी शांत होते. संपलेले असले तर ती डोलतच राहते, आणि प्रत्येक वर जाण्यात चाकावरचा भार हलका होतो. भार गेला की पकड गेली. नेमकी त्याच वेळी समोरून उसाची ट्रॉली आडवी आली, तर ब्रेक दाबला जातो पण टायर रस्ता धरत नाही.

आमच्याकडे शॉकअपचं काम लोक आरामाच्या खर्चात धरतात. ब्रेकचे लायनर गेले म्हटलं की त्याच दिवशी बदलतात. शॉकअप गेले म्हटलं की, "बगू दिवाळीनंतर, सध्या चालायलंय की." याचं मला फार वाईट वाटतं, कारण याच गाड्यांतून माणसं रात्री-अपरात्री पेशंट घेऊन नांदेडला नाही तर छत्रपती संभाजीनगरला निघतात.

ही समजूत कुठून आली हे मला काम शिकताना कळलं. आयटीआय करून मी ज्या उस्तादांच्या हाताखाली लागलो, त्यांची उमेदीची सगळी वर्षं कमांडर जीप आणि ट्रकवर गेलेली. त्या गाड्यांना चारी बाजूंनी पाटे. पाट्यांची गंमत अशी की खड्ड्यात गाडी बसली की एकावर एक रचलेली पानं आपसांत घासतात, आणि त्या घासण्यातच उसळीचा बराचसा जोर जिरतो. जीपचा शॉकअप गेला तरी गाडी धक्के देत का होईना, चालत राहायची. ड्रायव्हर ते अंगावर काढायचे. आताच्या गाड्यांच्या गोल स्प्रिंगमध्ये हे घासणं जवळपास नसतंच. ती दाबली गेली की सगळा जोर परत देते, आणि तो जिरवायचं काम एकट्या शॉकअपवर येतं. शॉकअपच्या नळीत तेल भरलेलं असतं. रॉड वरखाली होतो तेव्हा पिस्टनच्या बारीक झडपांतून ते तेल जबरदस्तीने ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णतेत जातो. लाटांच्या रस्त्यावरून लांबून आलेल्या गाडीच्या शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती त्यामुळे. झडपा अशा बसवलेल्या असतात की दाबताना शॉकअप थोडा सोडतो आणि सुटताना जास्त अडवतो.

पुढच्या चाकाचा स्ट्रट तर त्याहून मोठा भार घेतो. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. जनरल मोटर्समध्ये छोट्या गाडीच्या आराखड्यावर काम करताना ती त्याने मांडली. तो आराखडा बारगळल्यावर तो फोर्डकडे गेला, आणि १९५० साली इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनी ती रस्त्यावर आणली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर स्ट्रट घराघरात पोचला. यात वरचा आर्म नसतोच. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक उभं धरणारा खांब हे सगळं एकाच वस्तूत. स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट चाकाबरोबर फिरतो. म्हणजे त्याचा रॉड सैल झाला तर गाडी डोलते आणि शिवाय चाकाचा कोनही हलतो. उस्तादांना ही गोष्ट त्यांच्या उतारवयात पहिल्यांदा हाताळावी लागली. जीपची सगळी माहिती असलेला तो माणूस मारुतीचा स्ट्रट टेबलावर ठेवून बराच वेळ नुसता बघत बसायचा, मग हात लावायचा. उघडायच्या आधी वस्तू बघायची, ही सवय मला त्यांच्याकडून लागली.

आवाज ऐकून पार्ट सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. मी तसं करत नाही. पालमकडचे एक गुरुजी डिझायर घेऊन आले होते. सावकाश वळताना पुढून "टण्ण" असा आवाज यायचा. दुसरीकडे त्यांना दोन्ही स्ट्रट गेल्याचं सांगितलं होतं. मी गुरुजींना स्टिअरिंगवर बसवलं, गाडी उभीच ठेवली आणि चाकाच्या आत हात घालून स्प्रिंगच्या एका वेढ्यावर बोटं ठेवली. "गुरुजी, हळूहळू पूर्ण उजवीकडं फिरवा." थोडा वेळ स्प्रिंग जागची हलली नाही. पीळ भरत गेला आणि मग ती एकदम उडी मारून फिरली, टण्ण. स्ट्रटच्या डोक्यावरच्या माउंटिंगमध्ये बेअरिंग असतं. त्यात काळा चिखल शिरून ते जाम झालं होतं, त्यामुळे स्प्रिंग स्ट्रटबरोबर सरळ फिरायच्या ऐवजी पिळली जात होती. नळ्या कोरड्या होत्या, रॉड सरळ होते, टायर सारखे होते. दोन्ही बाजूंची माउंटिंगं बदलली, काम झालं.

लहान खड्ड्यांवर "खट-खट" वाजलं तर आधी लिंक रॉड बघावा, तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारा. मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. शॉकअपवर मी शेवटी येतो. कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची, एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे आणि ती उपयोगीही आहे. पण अर्धवट संपलेला शॉकअप हातच्या दाबाला व्यवस्थित उत्तर देतो आणि रस्त्यावर मात्र हात टेकतो. म्हणून मी गाडी स्वतः चालवून बघतो, आणि टॉर्च मारून नळी तपासतो. वरच्या सीलजवळ तेलाचा पुसट ओलावा असला तर घाबरायचं कारण नाही. तेल ओघळून खालपर्यंत आलेलं आणि त्यावर काळी धूळ लिंपलेली दिसली, तर तो शॉकअप संपला. शॉकअप बनवणारे साधारण ८०,००० किलोमीटरनंतर तपासून बदलायला सांगतात. आमच्या धुळीत रॉडवरचा रबरी बूट फाटला की त्याच्या कितीतरी आधी शॉकअप संपतो. माती रॉडला चिकटते आणि प्रत्येक हेलकाव्याला सीलवर घासली जाते.

आता निवडीचं. इथेच खरी ओढाताण होते. पहिली गोष्ट, शॉकअप जोडीने बदलायचे. पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना बसवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला वेगळी बसते. दुसरी गोष्ट, कडक म्हणजे चांगला हा समज सोडायचा. पोरं मोबाईलवर बघून येतात आणि म्हणतात, "भाऊ, स्पोर्टवाले टाका." फार कडक शॉकअप आमच्या तुटक रस्त्यावर चाकाला खाली यायला वेळच देत नाही. आपण कंपनीच्या मापाचा शॉकअप घ्यावा, गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगून घ्यावा. डिझेल इंजिन जड असतं, म्हणून एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा पुष्कळदा वेगळ्या असतात. डावा-उजवाही वेगळा, ब्रेकचा पाइप अडकवायचा ब्रॅकेट विरुद्ध बाजूला असतो. दुकानदाराने "सगळं एकच असतंय" म्हटलं की मी पार्ट नंबर विचारतो.

तेलाचा की गॅसचा, असंही विचारतात. दोन्हींत तेल असतंच. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब असतो. सतत वरखाली होऊन तेलात फेस झाला की शॉकअप मऊ पडतो, तो फेस हा दाब होऊ देत नाही. आमच्या लाटांच्या रस्त्यावर आणि पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या उन्हात मी गॅसचा सुचवतो. पण ज्या गाडीला कंपनीने तेलाचा दिला आहे आणि जी गावात-शेतात सावकाश फिरते, तिला तेलाचाच पुरतो.

नाव कुठलं घ्यावं? मी शोरूमचा घेतो किंवा जी कंपनी कारखान्यांना नव्या गाड्यांसाठी शॉकअप पुरवते तिचा. आपल्याकडे त्यातलं जुनं नाव गॅब्रिएल. ती कंपनी १९६१ साली मुंबईत उभी राहिली. नावापेक्षा मला काळजी नकली मालाची वाटते. खोक्यावरची छपाई, होलोग्राम, एमआरपीचं लेबल हे बघायचंच, पण माझा भरवसा वजनावर आणि रॉडवर असतो. असली रॉडचं क्रोमिंग एकसारखं असतं. नकली रॉडवर नख फिरवलं तरी कुठेतरी अडतं, आणि तो खडबडीतपणा थोड्याच दिवसांत सील कापतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलाने घेतलेला असली माल आता पूर्वीइतका महाग पडत नाही. बिल मागायला लाजू नये.

दोन गोष्टींना मी नकार देतो. एक, रिकंडिशन. जुन्या शॉकअपच्या नळीला भोक पाडतात, मिळेल ते तेल भरतात, वेल्डिंग मारून बंद करतात आणि काळा रंग देतात. आतल्या झिजलेल्या झडपा तशाच राहतात. तेल जाड असलं की गाडी पहिले काही दिवस घट्ट वाटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. प्रवासी वाहतूक करणारा एक अर्टिगावाला मागच्या बाजूला टाकायला असे शॉकअप पिशवीतून घेऊन आला होता. म्हणाला, "मजुरी तुमची घ्या, माल माजा हाय." मी बसवले नाहीत. सात माणसं घेऊन जाणारी गाडी आहे ती.

दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर. पूर्णेकडचे एक काका कारच्या डिकीत खताच्या गोण्या नेतात, गाडी मागे बसते, म्हणून त्यांना बफर हवे होते. मी म्हणालो, "काका, बफरनं गाडी वर दिसंल, पण स्प्रिंगचे दोन वेढे त्यानं बांधून टाकल्यासारखे होतेत. तेवढा भार बाकीच्या वेढ्यांवर येतो, आन् गाडी रिकामी असली की शॉकअप वरच्या टोकाला ताणलेला राहतो." त्यांना ते पटायला वेळ लागला. शेवटी मागच्या दोन थकलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअप कंपनीच्या मापाचे बदलले, आणि गोण्यांसाठी शेजाऱ्याचा छोटा टेम्पो बोलवायचं त्यांनी कबूल केलं. गाडीची उंची स्प्रिंग ठरवते, शॉकअप नाही. बसलेली गाडी उचलायला शॉकअप बदलणारे पैसे वाया घालवतात.

बसवण्याचं काम मी घाईत करत नाही. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो. मागच्या चाकांना गुटके लावतो, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवतो. नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, स्ट्रट धरणारे दोन बोल्ट खोलण्याआधी त्यांच्या जागी पंचने खुणा करतो, म्हणजे जोडताना चाकाचा कोन जवळपास होता तिथे येतो. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवतो. बोल्ट निघाले की हब बाहेर कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवलं नाही तर ॲक्सलचा आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. मग बॉनेटखालून वरचे नट काढून स्ट्रट बाहेर.

पुढचं काम जोखमीचं. स्प्रिंगमध्ये गाडीच्या एका कोपऱ्याचं, क्विंटलांत मोजायचं वजन दाबून बसवलेलं असतं. वरचा नट तसाच खोलला तर माउंटिंग गोळी सुटावी तसं उडतं. उस्ताद दम द्यायचे, "बेटा, स्प्रिंग के सामने नक्को बैठ." मी माझ्या पोरांना तेच सांगतो, त्याच शब्दांत. कंप्रेसरचे दोन दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावायचे. एकाला थोडे आटे, मग दुसऱ्याला तेवढेच. एक बाजू जास्त आवळली की स्प्रिंग वाकते आणि हूक सरकतो. आवळत गेलं की एका क्षणी वरच्या बैठकीवरचा भार सुटतो, स्प्रिंग हाताने हलवता येते. तेव्हाच वरच्या नटाला हात लावायचा. नट फिरताना रॉडही फिरतो. तो ॲलन कीने धरायचा, प्लायरने कधीही नाही. प्लायरचे दात क्रोमवर उमटले की नव्या शॉकअपचं सील पहिल्या महिन्यात जातं.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, आतली हवा तेलात मिसळलेली असते. तो उभा धरायचा, रॉड पूर्ण दाबायचा, वर येऊ द्यायचा, पुन्हा दाबायचा. सुरुवातीला मध्येच पोकळ जागा लागते. काही वेळाने रॉड वरपासून खालपर्यंत काकवीत पळी फिरवावी तसा एकसारखा जड चालू लागतो. गॅसचा असेल तर हात सोडल्यावर आपणहून वर येतो. तोवर मी तो बसवत नाही. बूट आणि बंप स्टॉप नवे टाकतो, माउंटिंग थकलेलं असेल तर तेही, कारण मजुरी तीच आणि पुन्हा खोलायचा ताप वाचतो. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला भिडलेलं बघतो. ते बोटभर जरी सरकलेलं राहिलं तर पुढे स्प्रिंग जागेवर बसताना आवाज देते आणि माणूस पुन्हा दारात येतो.

मागचं काम सोपं दिसतं म्हणून लोक तिथे गडबड करतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. दोन बोल्ट काढले की झालं, असं वाटतं. पण मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमला खालून जॅकचा आधार न देता शॉकअप सोडला तर बीम खाली लटकतो, स्प्रिंग निसटते, ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. आणि ज्या बोल्टमध्ये रबरी बुश आहे तो शेवटचा आवळायचा गाडी चाकांवर उतरवून. हवेत आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मग व्हील अलाइनमेंट. स्ट्रट उघडला म्हणजे अलाइनमेंट करायचीच. खुणा कितीही नीट जुळवल्या तरी त्या बोल्टांच्या भोकात थोडी ढिलाई असते, आणि तेवढ्यानेही नवे टायर एका कडेने खाल्ले जातात. अलाइनमेंटची मजुरी वाचवायची म्हणून गाडी तशीच नेणाऱ्याला मी चावी देताना दोनदा सांगतो. थोडी गाडी चालवून पुन्हा दाखवायला बोलावतो आणि सगळे नट कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने तपासतो.

माझ्या बाजूने तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. काम झालं की काढलेले जुने शॉकअप मिस्त्रीकडून मागून घ्या आणि स्वतः दाबून बघा; काय बदललं ते तुमच्या हाताला कळेल. बूट आणि माउंटिंग नवं टाकलं का, अलाइनमेंटचा कागद कुठे आहे, हे विचारा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि दरवर्षी पावसाळा सरला की दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी चारी चाकांच्या आत टॉर्च मारा. नळी तेलाने ओली दिसली, तर नांदेडची पुढची खेप शॉकअप बदलल्यावरच करा.